झटक्याची बॅटरी

आमच्या मालकांनी स्मार्टफोन घेतला तेव्हा त्याला बॅटरी आहे, म्हणजे उजेडाची, एवढ्यावरच मी खूश होते. वरून बोट खाली ओढायचं, बॅटरीच्या चित्रावर टेकवायचं, की लागली. हे मला दोन दिवसांत जमलं. मालकांचं मात्र एवढ्यावर कुठलं भागतंय? त्यांनी कसला तरी व्हिडिओ बघितला आणि फोनला शॉर्टकट बसवला. फोन मुठीत धरून दोनदा झटकला की बॅटरी लागायची, पुन्हा दोनदा झटकला की विझायची.

झालं! जेवता जेवता झटका, शेळ्यांना पाणी दाखवताना झटका. सोयरे आले की चहाच्या आधी झटका. उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग. "बोट लावायचं कामच न्हाई," असं ऐटीत सांगायचे, जसं काही आजवर बोट लावून लावूनच ह्यांचा जन्म वाया गेला होता. मी एकदा म्हणलं, "अवं, पण तुमी बोलताना हात किती नाचवता! नुसतं पाणी मागायचं तरी मूठ आपटता." तर म्हणले, "तुला त्यातलं काय कळतंय?" कुणाला कळत नव्हतं, ते पुढं सगळ्या गावानं बघितलं.

आमचं गाव वडवणीच्या अंगाला. गावाला एक सोलर दिवा मंजूर झाला होता, फक्त एक. आमच्या वस्तीवरून गावात यायला ओढ्याकाठी एक वळण आहे, सगळं दगडगोट्याचं. पहाटे अंधारात बाया त्याच वाटेनं डेअरीवर दूध घालायला जातात. माझ्या सासूला मोतीबिंदू. तिचा तिथं दोनदा पाय सटकला होता. दिवा त्या वळणावर लागावा, एवढंच आमचं म्हणणं. पण गावच्या पुढाऱ्याला तो आपल्या दारासमोरच्या चौकात पाहिजे होता. तिथं आधीच दोन दिवे रात्रभर कुत्र्यांना उजेड दाखवत होते.

ग्रामसभा संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात भरली. लाईट गेलेली, नेहमीसारखी. पुढारी म्हणाला, "हात वर करायचं जुनं झालं आता. मोबाईलच्या बॅटऱ्या लावा, मोजायला सोपं. गाव डिजिटल झालं पायजे!" टाळ्या पडल्या. मागं बसलेल्या आम्हा बायांत एकीजवळही फोन नव्हता. घरात फोन एकच, आणि तो बाप्याच्या खिशात. तरी मी हात वर केला, तर पुढारी गोड हसून म्हणाला, "वहिनी, हात न्हाई, बॅटरी."

मेल्याचं ते हसणं मला अजून आठवतं. मी तशीच पुढं सरकले आणि मालकांना म्हणलं, "फोन माझ्याकडं द्या."

"कावून?"

"मी नीट लावते."

"तुला शॉर्टकट येत न्हाई," म्हणले आणि फोन छातीशी धरला.

पुढाऱ्यानं पहिला पुकारा केला, "चौकात पायजे त्यांनी बॅटऱ्या लावा." मालकांचं डोकं तापलं. उठून उभे राहिले आणि मूठ नाचवत ओरडले, "चौकात कावून? आमच्या वळणावर माणसं पडायलीत!" त्याच मुठीत फोन. दोन झटके बसले आणि भक्कन बॅटरी लागली. मोजणाऱ्यानं लगेच मोजली. "अरं न्हाई, न्हाई!" करत मालकांनी पुन्हा झटकली, विझवली, पण तोवर मोजणारा पुढच्या रांगेत गेला होता. वळणाची पाळी आली तेव्हा मालकांनी बॅटरी उंच धरली. पुढारी म्हणाला, "एका माणसाला दोनदा कसं मोजायचं? तुमचं चौकाला धरलंय." एका मतानं दिवा चौकात गेला.

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मात्र बंद केलं नाही.

दिवा चौकात लागला आणि त्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. पहाटे मी आणि सासू दूध घेऊन निघालो होतो. वळणावर तिचा पाय गोट्यावरून गेला आणि ती हातावर पडली. मी बोंब ठोकली. मालक वस्तीवरून फोन घेऊन पळत सुटले. माणूस पळताना हात हलणारच की! बॅटरी लागायची, विझायची, लागायची, विझायची. जवळ आले तेव्हा नेमकी विझलेली, आणि घाबरून इतक्या जोरात झटकायला लागले की ती धड लागेना, धड विझेना. इकडं सासू दगडावर बसून कण्हत होती आणि तिचा लेक अंधारात फोनशी झोंबत होता. मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. शेवटी मी फोन हिसकावला, बोट खाली ओढलं आणि उजेड केला. सासूचं मनगट वाकडं झालं होतं. लांब चौकात तिन्ही दिवे लख्ख जळत होते.

प्लास्टर घालून तिला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी मी वस्तीवरच्या बाया घेऊन ग्रामसेवकाच्या टेबलापुढं जाऊन बसले. अर्जात लिहिलं होतं की बॅटरीचं मतदान आम्हाला मान्य नाही, त्यात बायांना मोजलंच नाही. तो म्हणाला, "बघू." मी म्हणलं, "बघू नका, पोच द्या." पोच हातात पडेपर्यंत एक बाई उठली नाही.

दुसरी ग्रामसभा भर दुपारी झाली. तालुक्याहून एक साहेब आला होता. तो म्हणाला, मत हात वर करूनच घ्यायचं. सोनारानंच कान टोचले. त्या दिवशी मालकांनी घरातून निघतानाच फोन माझ्या हातात दिला, न मागता. शॉर्टकट त्यांनी काढून टाकला होता.

साहेबानं विचारलं, "दिवा वळणावर हलवायचा, असं कुणाला वाटतं?" पुढारी समोर बसून एकेकीचं तोंड बघत होता. अर्जावर अंगठे उठवणाऱ्या बाया खाली बघायला लागल्या. माझाही हात मांडीवरच राहिला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात शेजारी सासूनं गळ्यातली झोळी सोडली, प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं उचलला आणि डोक्याच्या वर धरला. मग माझा वर गेला, मग मागच्या सगळ्यांचे.

पुढारी कळवळ्यानं म्हणाला, "काकू, दुखंल, हात खाली घ्या."

"आधी मोज," सासू म्हणाली.