वहिनीनं वर काढलेले देव

आमच्या घरचे देव मी बुडवले होते.

त्यांना वर काढणारी माझी वहिनी आज सकाळी गेली.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव जाफराबादजवळ. थोरल्या दादाच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसलं. त्यानं जखमेत हळद दाबली अन् पुन्हा वावरात गेला.

आठवड्यात दातखीळ बसली. धनुर्वात.

वहिनी जीप करून त्याला जालन्याला दवाखान्यात घेऊन गेली. मी घरी, म्हाताऱ्या आईपाशी.

माझ्या हातात काहीच नव्हतं. मग आमच्याकडं करतात तेच केलं. देव्हाऱ्यातले पितळी देव उचलले अन् पातेलंभर पाण्यात ठेवले. माणूस बरं होऊन घरी आलं की देव वर. तोवर नाही.

लोक याला भक्ती म्हणतात. मी तर सरळ अडवणूक केली होती.

सहाव्या दिवशी दादा आला. पांढऱ्या चादरीत.

सुतकात देवाला कुणी हात लावत नाही. पण सुतक फिटलं तरी मी लावू दिला नाही. आईला बजावलं, राहू दे तिथंच.

दादा गेल्याच्या चौदाव्या दिवशी वहिनीनं पातेलं अंगणात आणलं. पाण्यावर तवंग, देव काळे-हिरवे पडलेले. चिंच घेऊन ती घासायला बसली. मनगटं रिकामी.

माझं डोकं फिरलं.

"वैनी, ज्यानं ऐकलं न्हाई त्याला काहून घासून राह्यल्या?"

हात न थांबवता ती बोलली, "मलाबी न्हाई कळून राह्यलं भाऊजी, त्यानं असं काहून केलं. पण माझ्याएवढीच अक्कल त्याला असती, तर मंग त्याला देव कशाला म्हणायचं?"

मग बाळकृष्ण उन्हाकडं धरून म्हणाली, "अन् तुमचं तरी बराबर हाय का? एवढुशा लेकराला वीस दिवस पाण्यात ठिवलं."

दादा गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. आधी ती, मग मी. अन् मग दोघंही रडलो.

लोकांना वाटायचं, हिचा विश्वास म्हणजे काळा पाषाण. तसं बिलकुल नव्हतं. कितीदा तरी मी तिला देव्हाऱ्यापुढं भांडताना ऐकलंय. दोन लेकी पदरात टाकून त्याला का नेलंस, म्हणून विचारायची. उत्तर आलेलं मी कधी ऐकलं नाही.

भांडून झालं की दिवा लावायची.

वावर एकटीनं सांभाळलं. दोन्ही लेकी शिकवल्या. दिवा एक दिवस चुकला नाही.

परवा ती आयसीयूत गेली, अन् सत्तरी उलटलेल्या या शहाण्यानं पुन्हा तेच पातेलं भरलं. बाळकृष्ण उचलला. पाण्यावर धरला.

हात खाली जाईना.

पुसून जागेवर ठेवला. पाणी तुळशीला घातलं. "तुला कळतं ते कर," एवढंच म्हणालो.

आज सकाळी पुतणीचा फोन आला.

आता सुतक. तेरा दिवस मला देवाला हात लावता यायचा नाही.

पण वहिनी, देव जागेवर आहेत. कोरडे आहेत.

निघा सावकाश. दादाला माझा नमस्कार सांगा.