मावशींचा डबा आला, मावशी आल्या नाहीत

गेल्या रविवारी आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या चर्चमध्ये एक गंमत झाली... म्हणजे आता गंमत म्हणते, तेव्हा चांगलीच घाबरले होते. चर्चमधल्या आम्हा सगळ्यांच्या कमलमावशींचा तांदळाचा डबा समोरच्या टेबलावर होता आणि मावशी मात्र कुठेच नव्हत्या.

आमच्याकडे बऱ्याच बायका रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ देवाच्या नावाने बाजूला काढतात आणि रविवारी अर्पण म्हणून आणतात. मावशींनी डबा दुसऱ्या कुणाच्या हाती कधी पाठवला नाही. पास्टरजी म्हणाले, "सुबह-सुबह रखकर गईं. बोलीं, मेरी राह मत देखना." फोन लावला तर बंद.

काळजी सगळ्यांनाच होती, मला जरा जास्त... चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मावशी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं, पण मावशींना बायबलमधलं वचन आईच्या भाषेत, मराठीत ऐकायचं असतं. माझं माहेर महाराष्ट्रातलं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं झाली, रोज सकाळी शास्त्रातला एक भाग मोठ्याने वाचते, रेकॉर्ड करते आणि त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.

त्या आठवड्यात शाळेत पेपर तपासायचे होते. सोमवारी नीट वाचलं... आणि मंगळवारपासून शनिवारपर्यंत सोमवारचंच रेकॉर्डिंग रोज पुन्हा पाठवलं. मावशींना काय कळतंय, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं होतं.

सोमवारचा भाग समेटाचा होता. अर्पण घेऊन आलात आणि आठवलं की कुणाच्या मनात आपल्याबद्दल काही सलतंय, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन त्याच्याशी समेट करा... अशा अर्थाचा. बाकावर बसल्या बसल्या हे आठवलं आणि माझं गाण्यातलं लक्षच उडालं. मावशींनी अगदी शब्दाला शब्द तेच केलं होतं!

कुठे गेल्या असतील, तेही कळलं. कटंगीला, धाकट्या बहिणीकडे.

नऊ वर्षांपूर्वी मावशी नव्या नव्या ख्रिस्ती विश्वासात आल्या होत्या. बहिणीकडे सत्यनारायण होता. प्रसाद घेतला नाही ते एक वेळ ठीक, पण चार बायकांसमोर बहिणीलाच उपदेश केला. बहीण म्हणाली, पुन्हा माझ्या दारात येऊ नको. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. चूक आपली होती हे मावशींना कळत होतं, नुसता पाय उचलत नव्हता.

आणि आता माझ्या आळसापायी ही पासष्टीची बाई एकटी बसने गेली... बहिणीने दार लावून घेतलं तर? पुन्हा चार लोकांत तमाशा झाला तर? दुपारचं जेवण मला गेलं नाही.

संध्याकाळी पाचला त्यांच्या घरी गेले. मावशी नुकत्याच आल्या होत्या, अजून पायात चपला होत्या. मी काही विचारायच्या आधीच सांगायला लागल्या.

"दार उघडंच होतं. बहिनीनं मले पाह्यलं अन् आत निघून गेली. म्या मनलं, आता आली त परत काहून जाऊ? आंगनात सूप पडलं होतं, त तिचेच तांदूळ पाखडत बसली. अर्धा घंटा पाखडतच होती. मंग बहीन बाहीर आली अन् म्हने, म्हातारी झाली तरी तुले पाखडता नाही येत वं!"

एवढं बोलून मावशी हसल्या, आणि हसता हसताच पदराने डोळे पुसायला लागल्या. माफी मागून झाली, रडून झालं, दोघी एका ताटात जेवल्या म्हणे.

आता मला राहवेना. म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला सहा दिवस एकच रेकॉर्डिंग पाठवलं. आळस केला मी."

"हौ, मले समजत नाही का वं? रोज त्याच जागी तुह्या कुकरची शिटी वाजे!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मावशी आपल्या बोलतच होत्या... "सोमवारी वाटलं, हे दुसऱ्या कोनासाठी हाय. मंगळवारी राग आला. बुधवारी रडली. तू रोज नवीन वाचलं असतं, त मी सुटली असती!"

खूप हसले मी. पण आळस तो आळसच, देवाने तो कामी लावला म्हणून माझी पाठ थोपटून घ्यायची सोय नाही.

दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डिंग बंद. आता सकाळी फोन करूनच वाचते. मावशी मधेच थांबवतात, प्रश्न विचारतात, मी पानं उलटून उत्तरं शोधते... दहा मिनिटांचं वाचन अर्ध्या तासावर गेलंय. चहा रोज गार होतो, पण इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. अशी ऐकणारी मला दिली, यासाठी प्रभूचे मनापासून आभार.

पहिल्याच सकाळी मावशींनी विचारलं, "पोरी, मी त जाऊन आली. तुले कोनाकडं जायचं हाय?"

मी "हॅलो... हॅलो... आवाज येत नाहीये" करून फोन ठेवला. नाव मात्र लगेच आठवलं होतं.

दादा, माझ्या पोस्टला तू लाइक देत नाहीस, पण वाचतोस, वहिनीने सांगितलंय. आईच्या आजारपणात मी तुला जे बोलले, ते बोलायला नको होतं. चूक माझी होती. शनिवारी येते आहे.