पुलानंतर उजवीकडे

“युरोपला मी ह्यांच्याबरोबर जाईन, पण येताना एकटी येईन.”

परुळेकरकाकी हे आमच्या स्वयंपाकघरात माझ्या आईला सांगत होत्या. मी हॉलमध्ये पुस्तक उघडून बसले होते. पुस्तक समोर असलं की माणसं आपल्याला काही विचारत नाहीत, हे मला शाळेतच कळलं होतं. आई हसली, काकी हसल्या नाहीत. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून दोघं जूनमध्ये पोर्तुगालला निघाले होते. लिस्बनला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्राच्या कडेने, खेड्यापाड्यांतून थेट दक्षिण स्पेनपर्यंत जायचं. बेत काकांचा होता, गाडी काकी चालवणार होत्या, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आम्ही शारजात एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो, ते चौथ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. परुळेकरकाका हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. उंच, जरासे वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. कंपनीत कॉम्प्युटर आले तरी काका पहिलं ड्रॉइंग हातानेच काढत. त्यांची रेघ कधी चुकली नाही, असं त्यांचा केरळचा फोरमनसुद्धा सांगायचा, आणि फोरमन लोक ड्राफ्ट्समनबद्दल सहसा बरं बोलत नाहीत. कोणी काही वाढवून सांगायला लागलं की काका शांतपणे म्हणत, “हे नॉट टू स्केल आहे.” ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहितात ते शब्द; म्हणजे, चित्र मापात नाही, यावर विसंबू नका. काकींच्या बहुतेक गोष्टी नॉट टू स्केल असत.

काकांना ड्रायव्हिंग लायसन्स कधीच मिळालं नाही. रस्त्यावरची प्रत्येक पाटी पूर्ण वाचल्याशिवाय ते पुढे जाईनात. तिसऱ्या टेस्टला परीक्षक पोलीस “खलास, खलास” म्हणत स्वतःच गाडीतून उतरला. काकी सातव्या वेळी पास झाल्या. एका दातांच्या दवाखान्यात त्या रिसेप्शनला होत्या, आणि तिथून सुटल्या की एका हाताने, भरधाव गाडी हाकत घरी येत. काका शेजारी नकाशा घेऊन बसायचे. नकाशा त्यांना उत्तम कळायचा, फक्त थोडा वेळ लागायचा.

एकदा शुक्रवारी ते दोघं आणि आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून फुजैराला निघालो होतो. धैदच्या राउंडअबाउटवर काकींनी विचारलं, कुठला एक्झिट? काका म्हणाले, “एक मिनिट. तो मघाचा धरायचा की तो सर्व्हिस रोड होता?” गाडी गोल फिरत राहिली. पाचव्या फेरीला काकींनी कडेला गाडी थांबवली आणि काकांना सांगितलं, उतरा आणि काय ते नीट बघून या. काका खरंच उतरले. उन्हात रस्ता ओलांडून गेले, दोन पाट्या वाचल्या, खिशातल्या पेन्सिलीने लिहून घेतलं आणि तेवढ्याच शांतपणे परत आले. तोवर काकींनी रस्त्यावरच्या पिकअपमधून दोन कलिंगडं घेतली होती. “दुसरा एक्झिट,” काका म्हणाले. फुजैरापर्यंत काकी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आमच्याशी मात्र सगळा वेळ काकांविषयीच बोलत होत्या.

त्यामुळे काकींचं ते स्वयंपाकघरातलं वाक्य निव्वळ गंमत नव्हती. काकांनाही ते ठाऊक होतं. दोन दिवसांनी ते काकींना घेऊन आमच्याकडे आले आणि बाबांना म्हणाले, “गाडीत तिसरा आवाज हवा. हिला ज्याच्याशी भांडता येणार नाही असा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मेघना, तुझा आवाज पाहिजे.”

काकी ताबडतोब म्हणाल्या, “तिच्याशी कोण भांडणार? ती बोलतच नाही.”

काकांनी सबंध रस्ता एका शंभर पानी वहीत उतरवून काढला होता. दोन्ही बाजूंनी, पानांवर आकडे घालून, टाइप केल्यासारख्या अक्षरात. अमुक गाव, तमुक किलोमीटर, डावीकडे चर्च, मग वळण. हे सगळं मी कॅसेटवर वाचायचं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. आईबाबा मराठीत बोलत आणि मी इंग्रजीत उत्तर देत असे. मराठीचे उच्चार चुकले की तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका कौतुकाने हसायच्या, आणि त्या कौतुकाची मला धास्ती होती. हे काकांना कसं कळलं ते माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, “आकडे इंग्रजीत सांग. डावं-उजवं मराठीत. मागच्या सीटवर बसलीयस असं समज. तुला झोप येतेय, पण वळण आलं म्हणून सांगतेयस.”

एक सूचना झाली की मी स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचा. तो आवाज आला की गाडीत काका टेप थांबवणार. वाचून झालेल्या सूचनेपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. रेकॉर्डिंग त्यांच्या बेडरूममध्ये चाललं, एसी बंद करून, कारण एसीची घरघर टेपवर येत होती. शारजातला मे महिना, दार लावलेलं, घाम कोपरांवरून वहीवर पडू नये म्हणून मी मांडीवर टॉवेल घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकवेना. तिसऱ्या दिवशी मात्र मी “आता जरा हळू घ्या, काकी, पुढे शाळा आहे,” असं वहीत नसलेलं वाक्य म्हणून गेले. काकांनी ते पुसू दिलं नाही.

तिसऱ्या कॅसेटच्या वेळी काकी कोकम सरबत घेऊन आल्या आणि मला अडवायला नको म्हणून दारातच ऐकत उभ्या राहिल्या. मला त्यांची चाहूल लागली. कानशिलं तापली. चमचा वाजवला, पान उलटलं, आणि भराभरा वाचत सुटले.

ते निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वही परत द्यायला म्हणून उचलली आणि सहज चाळली. पान बत्तीस आणि तेहेतीसवर एकही खूण नव्हती. मी दोन पानं एकदम उलटली होती. बत्तिसाव्या पानाच्या वरच्या ओळीत काकांनी लिहिलं होतं: ‘दगडी पूल लागेल. पुलानंतर उजवीकडे.’ तेच वळण त्यांना समुद्राकडे नेणार होतं.

मी एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘ही दोन पानं राहिली. सॉरी.’ ती त्या पानांत घातली आणि वर गेले. तोंडानेही सांगायचं असं जिन्यात दोनदा ठरवलं. दार उघडलं तर हॉल माणसांनी भरलेला. कोणी चिवडा दिला होता, कोणी औषधं. काका म्हणाले, “या, आमच्या रेडिओबाई आल्या.” सगळे माझ्याकडे बघून हसले. मी वही काकांच्या हातात दिली आणि खाली आले.

पुढचे बारा दिवस मी कसे काढले, हे आईलाही कळलं नाही. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता. तिसरी कॅसेट पाचव्या दिवशी लागणार, हे मला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी मी जेवले नाही. एकदा वाटलं, चिठ्ठी त्यांनी विमानातच वाचली असेल. मग काकींचं वाक्य आठवायचं. येताना एकटी येईन.

आले ते दोघं आले. काळेभोर होऊन. त्या शुक्रवारी त्यांच्याकडे सगळे जमलो आणि काकींनी गोष्ट सांगितली, ती पुढे पाच वर्षं आम्ही प्रत्येक गणपतीला, प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकली. पेट्रोलपंप मागे पडला, मग एक दगडी पूल, आणि मग मेघना सांगते, आता सरळ, समुद्र उजव्या हाताला दिसेपर्यंत. तासभर सरळ गेलो तरी समुद्राचा पत्ता नाही. नुसती झाडं, बुंधे लालभडक सोललेले आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेले. मग डांबर संपलं. मग समोर बकऱ्या. काकींनी गाडी बंद केली आणि काकांना म्हणाल्या, काढा ती तुमची वही. काकांनी वही उघडली, बघितली, मिटली आणि म्हणाले, “माझ्याकडून वळण राहिलं लिहायचं.” त्यावर काकी अशा ओरडल्या की शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली.

त्या म्हातारीने आधी काकींना पाणी दिलं, मग सूप, मग पाव, मग माडीवरची खोली. रात्रीपुरते थांबलेले हे दोघं तिथे तीन दिवस राहिले आणि समुद्राकाठचं हॉटेल राहूनच गेलं. काकी तिच्याबरोबर कांदे चिरत बसल्या, ती पोर्तुगीजमध्ये आणि ह्या मालवणीत, दोघींचं छान चाललं. काकांनी तिच्या विहिरीच्या रहाटाचं ड्रॉइंग काढून दिलं, त्यावरून तिच्या मुलाने रहाट दुरुस्त केला. त्या झाडांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात, हे काकांनी विचारून घेतलं. साल नऊ वर्षांनी एकदा काढतात आणि बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात. आठचा आकडा घातलेल्या एका झाडाला हात लावून काका काकींना म्हणाले होते, “हे पुन्हा सोलतील तेव्हा परत येऊ.” एवढं सांगताना काकींचा आवाज खाली यायचा. मग सावरून त्या म्हणायच्या, “मोठे ड्राफ्ट्समन! म्हणे कधी रेघ चुकत नाही. अख्खं वळण खाल्लं ह्यांनी. तीस बकऱ्या अंगावर आल्या माझ्या.”

“मागच्या वर्षी बारा होत्या,” काका म्हणत. “नॉट टू स्केल.”

परत आल्यावर काकांनी मला ती वही भेट दिली, त्या सालीच्या एका तुकड्यासकट. बत्तीस आणि तेहेतीसच्या मध्ये माझी चिठ्ठी होती. मागच्या बाजूला त्यांनी लिहिलं होतं: ‘चिठ्ठी मिळाली. उशिरा मिळाली हे फार बरं झालं.’

त्यानंतर एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी धीर करून म्हटलं, मी काकींना सांगून टाकते. काकांनी थोडा वेळ मजल्यांचे आकडे बदलताना बघितले. मग म्हणाले, “कशाला? पंचवीस वर्षांनी तिला माझी एक चूक सापडलीय. हातची घालवू नको तिच्या.” दुसरा मजला आला. मी उतरले. दार मिटताना ते खुशीत हसत होते.

मी पुढे कॉलेज केलं, अल क्वोजच्या एका ऑफिसात लागले. मीटिंगमध्ये मी अजूनही कोपऱ्यातली खुर्ची शोधते. पण फोनवर अनोळखी माणसाला आमच्या गोडाउनचा रस्ता सांगायचा असला की सगळे तो फोन माझ्याकडे देतात. मी मागच्या सीटवर बसते आणि सांगते.

दोन हजार तीन साली, पन्नाशी ओलांडून फार झालं नव्हतं तेव्हा, काकांना ऑफिसात ड्रॉइंग काढता काढता मेंदूचा झटका आला. दोन दिवसांत सगळं संपलं. काकींनी शारजा सोडून कुडाळला भावाकडे जायचं ठरवलं. एका शुक्रवारी आई, मी आणि मंडळातल्या दोन बायका त्यांचं सामान भरायला वर गेलो. कपाटाच्या तळाशी बुटांच्या खोक्यात चार कॅसेटी निघाल्या. काकींनी एक टेपवर लावली. माझा अठरा वर्षांचा आवाज खोलीत आला, जरा हळू घ्या, काकी, पुढे शाळा आहे. मग पेल्यावर चमचा. मग अगदी बारीक, लांबून, काकांचं खोकणं.

बायकांपैकी एक जण वातावरण हलकं करायला म्हणून म्हणाली, आणि त्या बकऱ्या, शालिनी? किती गं होत्या शेवटी?

काकी हसल्या नाहीत. त्यांनी टेप बंद केला. “आठ,” म्हणाल्या. “आठच होत्या.” मग खोक्याचं झाकण हातात फिरवत बोलू लागल्या. एवढी वर्षं त्या चिडवत राहिल्या, पण आता रात्रंदिवस तेच मनात येतं. तीस वर्षं ज्याची रेघ हलली नाही, त्या माणसाकडून पूल ओलांडल्यावरचं वळण राहतं कसं? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, कधी कधी आधीपासून खुणा असतात.

“तेव्हापासूनच ह्यांना काही होत होतं,” काकी म्हणाल्या. “डोक्यात काही सुरू झालं होतं. मला ते कळायला हवं होतं. मी ओरडले. आणि नंतर चार लोकांत हसत राहिले.”

आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली. असं काही नसतं, शालिनी, असं कोणी धरून बसतं का. काकी मान हलवत राहिल्या. मी चिकटपट्टीचं रीळ हातात धरून खिडकीजवळ उभी होते. चिठ्ठी दोन मजले खाली माझ्या खणात होती. लिफ्टमधलं काकांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि त्यांनी मला जे जपायला सांगितलं होतं, तेच आता काकींना आतून कुरतडत होतं. रीळ खाली ठेवताना हातातून निसटलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी वही द्यायला आले होते त्या संध्याकाळी बघत होत्या तशाच.

“काकी,” मी म्हटलं, “काकांना काही झालं नव्हतं. त्यांनी वळण लिहिलं होतं. पान बत्तीस, पहिली ओळ, पुलानंतर उजवीकडे. तुम्ही सरबत घेऊन दारात उभ्या होतात ना, तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली.”