सोमारीच्या नावाचा प्लगिन

ज्योत्स्ना राग विसरत नाही. बल्लारपूरची ही पोरगी आमच्या नागपूरच्या कंपनीचं काम घरून करते. तिच्याशी वाकडं घेतलं की ती भांडत नाही, गप्प बसते. मला तिच्या त्या गप्प बसण्याचीच भीती वाटते.

आमच्या ॲपवर अहेरीच्या बाजारातल्या मोहफुलांची नोंद होते आणि त्या नोंदीवरच विकणाऱ्या बायांना पैसे मिळतात. काही बाया पायलीच्या मापानं मोजून देतात, काही किलोनं; एका पायलीत दोन किलोहून जास्त फुलं मावतात. म्हणून कोड चालवण्याआधी त्यातल्या चुका दाखवणाऱ्या आमच्या लिंटरमध्ये ज्योत्स्नानं एक नियम घातला होता: आकड्यापुढे माप लिहिलेलं नसेल तर ती ओळ लाल. टीम लीड सुनिलनं नव्या आवृत्तीत तो नियमच उडवला. "फालतू कटकट," म्हणाला.

मग त्यानंच लिहिलेल्या पानावर पायलीचे आकडे किलो म्हणून चढले. त्या बाजारात मोहफुलं विकणाऱ्या सोमारीबाईचा माल निम्म्याहून कमी दिसला. ज्योत्स्ना त्या दिवशी तिथं ॲप शिकवायला गेली होती, नोंद तिच्याच मोबाईलवरून झाली. सोमारी भर बाजारात तिच्यावर ओरडली, "चोट्टी कुठली!" आणि मीटिंगमध्ये सुनिलनं खुशाल सांगितलं की चूक ज्योत्स्नाची. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. ती मात्र ब्र काढेना.

तिनं प्लगिन लिहिला. मूळ टूलला हात न लावता बाहेरून जोडायचा तुकडा. उडवलेला नियम त्यात परत आणला, शिवाय लाल ओळ कोणी लिहिली त्याचं नावही दिसेल असं केलं. प्लगिनचं नाव ठेवलं 'सोमारी'. पुढच्या मीटिंगमध्ये मालकांसमोर तो सगळ्या कोडवर चालवला. पडदा लाल झाला आणि ओळीओळीला सुनिलचं नाव.

"समजलं, बंद कर आता," तो पुटपुटला.

"थांबा ना भाऊ, अजून संपलं नाई."

मालकांनी सगळी पानं त्यालाच दुरुस्त करायला लावली. काम सुरू करताना तो आता स्वतःच्या हातानं 'सोमारी' टाईप करतो. त्याचं तोंड पाहून मला फार गार वाटतं, खोटं कशाला बोलू?

ज्योत्स्ना जिंकल्यासारखी अहेरीला गेली. सुधारलेली नोंद सोमारीला दाखवली. "बाई, मी नाई केलं. त्या सुनिलनं केलं होतं. त्याले चांगली अद्दल घडवली मी."

सोमारीनं मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोन सुनिल? म्या त्याले कधी पाह्यलं नाई. मोबाईल तर तुया हातात होता."

तिनं मोहफुलांची टोपली डोक्यावर घेतली आणि समोरच्या व्यापाऱ्याकडे चालू लागली.