यंत्रावरचे रुमाल

प्राध्यापकबाईंची निवृत्ती तीन महिन्यांवर आली, तेव्हा त्यांचा थोरला भाऊ इस्पितळात श्वासासाठी झगडत होता. दादाने एकतीस वर्षं दगड कापायच्या चक्रासमोर काढली, आणि बाईंनी तेवढीच वर्षं कामगारांच्या श्वासात जाणारी धूळ मोजण्यात.

सुरुवात दादाच्याच कारखान्यातून झाली होती. पीएचडीसाठी बाईंनी दहा कामगारांच्या कॉलरला धूळ खेचणारी छोटी यंत्रं लावली. आतल्या कागदावर पाळीभरात किती धूळ बसली, त्याचं वजन करायचं. बाहेरच्यांना आत मज्जाव, म्हणून बाई फाटकापाशी बसून राहिल्या. धूळ मर्यादेच्या आत निघाली. पदवी मिळाली. छापून आलेला निबंध मालकाने चौकटीत घालून भिंतीवर टांगला. चक्रावर पाणी सोडा, धूळ दबेल, असं कोणी म्हणालं की तो भिंतीकडे बोट दाखवायचा.

"दादा, तुझी फुप्फुसं माझ्या आकड्यांत बसत नाहीत रे," बाई म्हणाल्या.

दादा खोकत हसला. "कशी बसतील? यंत्रावर रुमाल बांधले होते की आम्ही!"

"काय?"

"अगं, तू कॉलेजातून सही करून आणलेली यंत्रं. धुळीनं बिघडली असती तर तुला बोलणी बसली असती. मीच सगळ्यांना दम दिला, मास्तरीणबाईंची वस्तू जपून वापरा."

"स्वतःच्या नाकाला काही नाही," उशाशी बसलेली वहिनी म्हणाली, "आणि यंत्राला कोरा रुमाल."

पाळीभर कामगाराच्या शेजारी उभे राहा, हे बाई आता विद्यार्थ्यांकडून घोकून घेत. तेव्हा स्वतः उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मी निबंध मागे घेते. रुमालांचं तेवढं लिहून दे."

"वेडी आहेस का? पदवी जाईल."

"जाऊ दे. अजून चाळीस माणसं कोरडा दगड कापतायत."

दादा म्हणाला, "बहीण डॉक्टर आहे, एवढं एकच मिरवलं गं मी आयुष्यात. ते तरी राहू दे." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याने लिहून दिलं नाही. अकराव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने वहिनी स्वतःच बाईंच्या खोलीवर आली. "रुमाल मी शिवले होते. दहाच्या दहा. कुठं सही करू?"

निबंध रद्द झाला. निरोप समारंभाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे तपासनीस आले, नोटीस लागली, आणि वर्षाने बाईंना पहिल्यांदाच कारखान्याच्या आत सोडलं.

दादाच्या चक्रावर पाण्याची धार पडत होती. तिथला नवा माणूस कुरकुरला, "बाई, दिवसभर कपडे ओले राहतात हो."

"हो," बाई म्हणाल्या. त्या पाळी संपेपर्यंत त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.