आत्याच्या पाठीतले गुद्दे

किकवीच्या फाट्यावर आमचा टेम्पो थांबला आणि आई मागच्या हौद्यातून ओरडली, “तू फुडं बस, बापयांत! कशाला आलास असा नटून?” मागं सगळ्या बायका, मधोमध पाळणा. पुढं ड्रायव्हर आणि माझा धाकटा भाऊ. मी चांगली इरकल नेसून, टिकली लावून, पुण्यावरून एसटीत उभ्यानं आलेली, आणि मला जागा कुठं, तर गिअरच्या दांड्याला गुडघा टेकवून. डोकंच फिरलं माझं.

भावाच्या मुलीचं बारसं होतं. भावजयीचं माहेर भोंगवली, पहिलं बाळंतपण तिकडंच झालेलं, म्हणून आमची विंझरची मंडळी तिकडं निघालेली. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत दणादण गुद्दे घालायचे. आम्ही दोघंच भावंडं. म्हणजे या पोरीला सख्खी आत्या एकच, ती मी.

पण भावानं आधीच फोनवर सांगून टाकलं होतं. “तू ये. पण नाव चुलतबहीण ठेवील.”

“का?”

“तिकडची मानसं काय म्हनतील? आन तुजा आवाज...”

आवाज! गोळ्या घेतल्या, ऑपरेशन झालं, अंग बदललं, पण गोळ्यांनी घसा बदलत नाही, हे याला किती वेळा सांगायचं? मी नाटकवाली बाई. रोज सकाळी रियाज करून हा आवाज वर आणून बसवलाय. याच आवाजात मी पुण्यात माझीच गोष्ट स्टेजवर सांगते, लोक डोळे पुसत भेटायला येतात. “अरे बाबा, कानात सांगायचंय ना? कुजबुजीत बाई-बाप्या कळतं होय कुणाला?” त्यानं फोन ठेवून दिला. पूर्वी तो मला दादा म्हणायचा. आता काहीच म्हणत नाही. नुसतं ‘ऐक ना’.

खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लहानपणी गावच्या यात्रेच्या नाटकात बाईचं काम मीच करायचे. तेव्हा आईनंच स्वतःचं हिरवं लुगडं मला नेसवलं होतं. निऱ्या घालताना हसू आवरत नव्हतं तिला. सगळ्या गावानं शिट्ट्या मारल्या, सरपंचांनी नारळ दिला, आई चार घरी माझं कौतुक सांगत फिरली. आणि मी खरीच बाई झाले, तर तीच आई पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत नाही, खाली जमिनीवर ठेवते. ऑपरेशननंतर तिनं मला बोटही लावलेलं नाही. अरे, मग तेव्हा कशाला हसत होता सगळे?

ते लुगडं माझ्याकडंच राहिलं होतं. त्याचीच मी बाळाला कुंची शिवली, डोक्यावरून पाठीपर्यंत येते तशी, काठ पुढं घेऊन. ती आत्यानंच आणायची असते. किकवीला टेम्पोत चढण्याआधी आईच्या हातात दिली. तिनं कापड अंगठ्यानं चोळून बघितलं आणि पिशवीच्या तळाशी कोंबलं.

भोंगवलीला दारात मांडव, फुगे, घुगऱ्यांचं पातेलं. बाळाच्या अंगात चुलतबहिणीनं आणलेला जाळीचा फ्रॉक. भावानं माझ्या हातात मोबाईल ठेवला. “तू फोटो काड.” घ्या! आत्या नाही, काका नाही, फोटोवाली. मी दात आवळून फोटो काढत राहिले.

पाळणा म्हणून झाला. चुलतबहीण पदर खोचून वाकणार, तेवढ्यात भावजयीनं बाळावर हात आडवा धरला. “कुंची कुठाय?”

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

“कुंची शिवलीया म्हून मला फोनवर सांगितलं हुतं. कुठाय ती?”

आई उठली. पिशवीतून चुरगळलेली कुंची काढून दिली. भावजयीनं ती मांडीवर ठेवून हातानं सारखी केली, बाळाला घातली आणि थेट माझ्याकडं बघितलं. “वन्सं, या की. किती येळ ताटकळत ठिवायचं पोरीला?”

वन्सं! नणदेला म्हणतात ते. आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. मोबाईल भावाच्या हातात कोंबला आणि गेले. वाकले, कुर्र केलं, नाव सांगितलं. पोरीनं नाक मुरडलं.

आणि मग मी तशीच वाकून राहिले, गुद्द्यांची वाट बघत.

एकीचाही हात उठेना. बांगडी वाजेना. मागं इतक्या बायका उभ्या, सगळ्यांच्या मुठी जणू बांधून ठेवलेल्या. चुलतबहीण वाकली असती तर पाठ मोडेपर्यंत मारलं असतं. हसल्या असत्या तरी चाललं असतं मला. पण हे असं हात आखडून उभं राहणं नाही सहन झालं.

“मारा की गं! आत्या न्हाई का मी?”

रागात रियाज सुटला. जुना, जाड आवाज बाहेर पडला, पार मांडवातल्या बापयांपर्यंत गेला. भावानं मान खाली घातली. घुगऱ्या वाढणारे हात थांबले. झालं, म्हटलं, सगळं मातीत घातलं मीच.

आणि पाठीत दणका बसला. खांद्यांच्या मधोमध, श्वास अडकेल असा. हात ओळखीचा होता. लहानपणी माझ्या शेळ्या दुसऱ्याच्या रानात शिरल्या की हाच हात बसायचा.

“वरडतीस कशाला?” आई म्हणाली. “ल्हान पोर निजलंय तितं.” आणि दुसरा घातला, पहिल्यापेक्षा जोरात.

मग विहीणबाईंचा बसला, चुलतबहिणीचा बसला, मग कुणाकुणाचे बसले कळेना. बायका हसायला लागल्या. पाळणा हलू नये म्हणून मी त्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि डोळ्यांतलं पाणी कुंचीच्या काठावर पडत होतं.

“झालं, ऊठ आता,” कुणीतरी म्हणालं.

मी उठले नाही.