मारिसेलचं आधार: तेर ते धाराशिव, एकाच दिवसात दोनदा

माझी सून फिलिपिन्सची. मुलगा जहाजावर नोकरीला. तिकडच्याच एका बंदरात दोघांची ओळख झाली आणि दोन वर्षांपूर्वी तेरला आमच्या अंगणात लग्न लागलं. आता मुलगा सहा-सहा महिने समुद्रावर, सून आमच्यापाशी. पण बँकेत जा, सिमकार्डाला जा, तिला उत्तर एकच: "नवऱ्याला पाठवा." एकदा ती चिडून म्हणाली, "आबा, नवरा पाण्यात हाय, म्या हितं हाय!" तेव्हाच ठरवलं, हिचं आधार काढायचं.

मंगळवारी सकाळी साडेआठची एसटी. पंचाहत्तरी उलटल्यामुळं माझं तिकीट माफ, बाई म्हणून तिचं अर्धं. कंडक्टरनं पुराव्याला माझं आधार मागितलं, तेव्हा ती त्या कार्डाकडं अशी बघत राहिली की मला कसंतरी झालं. तेरणा नदी मागं पडली. दोन्ही अंगांना ज्वारी निसवलेली, आणि मी खिडकीशी शाळेत शिकवलेल्या कविता गुणगुणत बसलेलो. त्या नादात धाराशिव कधी आलं कळलंच नाही.

परदेशी माणसाची नोंदणी सगळ्याच केंद्रांत होत नाही, आधी फोन करून जा. आम्ही केला होता. पासपोर्ट, व्हिसा, राहण्याचा परवाना, सगळे अस्सल कागद बरोबर घेतले होते. वर्षातले सहा महिने इथं राहिल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. तेही भरले होते. टेबलामागच्या बाईंनी गावचा रहिवासी दाखला उचलला आणि थबकल्या.

"काका, ह्या मंजिरीबाई कोण?"

"म्याच की," सून म्हणाली.

बाई हसल्या. "लई गोड बोलता की! पण पासपोर्टवर तर मारिसेल हाय."

चूक माझी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. ते मी निवडलं होतं, पाठ्यपुस्तकातल्या एका लाडक्या कवितेतून. गावाला तेच ठाऊक. दाखल्यासाठी ग्रामसेवकाला सांगितलं तेही मीच, छाती फुगवून.

"दाखला बदलून आणा," बाई म्हणाल्या. "न्हायतर त्यांच्या देशातनं पासपोर्टवरचं नाव बदलून घ्या. त्याला वेळ लागंल."

खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. "मंजिरी कागदावर येत असंल तर थांबू की थोडं," मी सुनेला म्हणालो.

तिनं मान हलवली. "आबा, तुमी ठेवलेलं नाव घरात चांगलं हाय. पण मारिसेल माझ्या आईनं ठेवलंय. आई आता न्हाय."

मी टेबलावरचा दाखला उचलला. "चल, परत तेरला," एवढंच म्हणालो.

अकरा वाजले होते. केंद्र चारला बंद, आणि ग्रामसेवक दुपारनंतर दुसऱ्या गावाला जाणार. एसटीची वाट न बघता जीप केली. पोचलो तेव्हा ग्रामसेवक कुलूप लावत होते.

"गुरुजी, नाव तुम्हीच तर सांगितलं होतं! आता मंजिरी खोडू?"

"खोडा. नवीन दाखल्यावर नाव पासपोर्ट बघून लिहा, मला विचारू नका."

तीन वाजता आम्ही पुन्हा त्याच बाईंसमोर. दहा बोटं, डोळे, फोटो. नोंदणीला पैसे पडत नाहीत. बाहेर पडून स्टँडजवळ धाराशिवचे गरम गुलाबजाम खाल्ले. तिनं तीन, मी दोन. तेवढ्यासाठी तरी या गावात उतराच. आणि घरात परदेशी सून असेल तर दाखल्यावरचं नाव पासपोर्टवरून उतरवून घ्या, सासऱ्याच्या तोंडून नको.

काही आठवड्यांनी पोस्टमन आधारचं पाकीट घेऊन गल्लीत मारिसेलचं घर विचारत आला. शेजारच्या मालनबाई ठणकावून सांगत होत्या, "असल्या नावाचं कुणी न्हाय हितं!"

मी ओसरीवरून ओरडलो, "हाय! आमची सून हाय ती!"

"अगं बया," मालनबाई म्हणाल्या, "दोन वर्सं म्या भलत्याच बाईला हाका मारल्या की!"

पिठाच्या हातानं सुनेनं पाकीट फोडलं आणि स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. ताटात नाव लिहायच्या आधी तिला विचारावं, हे मला सुचलंच नव्हतं. या प्रवासातून मी घरी आणलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत निघाली. मी उठून चपला शोधायला लागलो.

"आबा, तुमी बसा," मारिसेल म्हणाली.

मी बसलो.